जुनं आउटबोर्ड इंजन घेताय? आधी कॉम्प्रेशन मोजा

जुलै अर्धा सरला की आमच्या किनाऱ्यावर जुन्या इंजनांची खरेदी-विक्री जोरात सुरू होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, होड्या वर ओढून ठेवलेल्या, जाळी सांधायची कामं चाललेली, आणि ऑगस्टला समुद्रात उतरायचं म्हणून ज्याला त्याला एक बरं इंजन हवं असतं. नवीन आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजन, प्रत्येकाला झेपत नाही त्यामुळे जुनं शोधायचं, आणि तारकर्ली-देवबागच्या पर्यटनवाल्यांचं पण तेच, सिझन सुरू व्हायच्या आधी त्यांचीही शोधाशोध चालू. अशा प्रत्येक सौद्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो, "कॉम्प्रेशन कसा आसा?" आणि उत्तर पण हमखास एकच, "फुल आसा."

फुल म्हणजे किती? हे कोणी विचारत नाही. कारण विचारणाऱ्यालाच बऱ्याचदा माहीत नसतं की कॉम्प्रेशन ही मोजायची गोष्ट आहे, तिचा आकडा येतो, आणि तो आकडा दहा-पंधरा मिनिटांत, हजार रुपयांच्या आसपासच्या दाब मोजायच्या एका साध्या गेजवर आपला आपण काढता येतो.

माझ्या मामाने तीन वर्षांपूर्वी असंच एक ४० एचपीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजन घेतलं. पिंपात पाणी भरून दाखवलं, एका खेचीत चालू, आवाज गोल, पाणी पण छान मारत होतं. पैसे दिले, इंजन आणलं. तिसऱ्या आठवड्यात पहाटे जाळी घेऊन परत येताना, होडीत माल भरलेला, खाडीच्या तोंडाशी आल्यावर इंजनाची ताकद एकदम पडली, थ्रॉटल पूर्ण पिळला तरी होडी पुढे सरकेना, आणि ओहोटीचं पाणी बाहेर ओढत होतं. नांगर टाकून दीड तास थांबले, मग दुसऱ्या होडीने दोरी टाकून आत आणलं. संध्याकाळी मी गेज लावला. वरचा सिलिंडर ११८, खालचा ७२. हे दोन आकडे घ्यायच्या दिवशी बघितले असते तर ते इंजन विकणाऱ्याच्या दारातून आम्ही हलवलं पण नसतं. म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

कॉम्प्रेशन म्हणजे काय

सायकलचा पंप घ्या. पुढच्या तोंडावर अंगठा दाबून धरा आणि दांडा खाली दाबा. आत हवा कोंडते, दांडा जड होतो, अंगठ्याला धक्का बसतो, चार-पाच वेळा केलं तर पंपाची नळी गरम पण लागते. हेच कॉम्प्रेशन. इंजनात नळीच्या जागी सिलिंडर, दांड्याच्या जागी पिस्टन, आणि हवेच्या जागी हवा-पेट्रोलचं मिश्रण. पिस्टन वर येतो, मिश्रण दाबून एवढंसं करतो, मग प्लग ठिणगी टाकतो आणि स्फोट होऊन पिस्टन खाली ढकलला जातो. मिश्रण जितकं घट्ट दाबलेलं तितका तो धक्का जोरदार.

आता जुना पंप आठवा, ज्याचं आतलं कातडी वायसर सुकलंय. दांडा सरसर खाली जातो, जोर काहीच लागत नाही आणि टायरमध्ये हवाही जात नाही, सगळी कडेने निसटते. इंजनात त्या वायसरचं काम रिंगा करतात. पिस्टनच्या कडेला खाचा असतात, त्यात या लोखंडी रिंगा बसतात आणि सिलिंडरच्या भिंतीला स्प्रिंगसारख्या दाबून राहतात. रिंग झिजली, तुटली, नाहीतर कार्बनने खाचेतच चिकटून बसली की दाब निसटायला लागतो.

दाब निसटायच्या दुसऱ्या पण वाटा आहेत. सिलिंडरच्या वर हेड असतं आणि दोघांच्या मध्ये गॅस्केट. घरच्या कुकरची रबर रिंग जुनी झाली की झाकणाच्या कडेने वाफ सुसाट जाते, गॅस तेवढाच जळतो पण शिट्टी काही होत नाही आणि तांदूळ कच्चा राहतो. हेड गॅस्केट फुटलं की अगदी हेच, पेट्रोल तेवढंच जळतं, होडी मात्र पुढे जात नाही. तिसरी वाट म्हणजे पिस्टनलाच भोक किंवा सिलिंडरच्या भिंतीला उभे ओरखडे. आणि फोर-स्ट्रोक असेल तर वॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप, नीट न बसणं ही चौथी वाट.

आकडा कसला असतो

पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरताना "तीस मार" म्हणतो ना, ते तीस पीएसआय. कॉम्प्रेशन त्याच मापात मोजतात. बाईकच्या टायरमध्ये तीसच्या आसपास असतात, आणि चांगल्या टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये साधारण ११० ते १३०, म्हणजे टायरच्या चौपट. काही मिस्त्री किलोमध्ये बोलतात, "सात किलो आहे" वगैरे, त्यात घाबरायचं काही नाही, एक किलो म्हणजे सव्वाचौदा पीएसआय, सात किलो म्हणजे जवळपास शंभर.

प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो आणि खरा आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो मिळाला तर उत्तमच. नाहीच मिळाला तर टू-स्ट्रोकसाठी मी एवढं धरून चालतो की ११०च्या वर छान, ९० ते ११० चाललेलं इंजन, ९०च्या खाली आलं की डोक्यात खर्च धरायचा, आणि ६०-७०ला ते इंजन ओझं घेऊन चालणार नाही.

टेस्ट करायची कशी

विकणाऱ्याकडे गेल्यावर पहिलं काम, कव्हर काढायला सांगून ब्लॉकवर हात ठेवा. गरम लागला तर समजा तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय. त्यात लबाडीच असेल असं नाही, पण थंड इंजन पहिल्या खेचीला कसं उठतं ते बघायची संधी गेली. ती आपल्याला हवी असते, म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं की मी आल्यावरच चालू करा.

मग पिंपात नाहीतर पाण्यात चालू करून दहा मिनिटं गरम होऊ द्या. कोरडं अजिबात चालवायचं नाही, कारण खालच्या वॉटर पंपातला रबरी इम्पेलर पाण्यावरच फिरतो, पाणी नसेल तर तो थोड्याच वेळात जळून जातो. गरम का करायचं, तर पिस्टन आणि रिंगा तापून फुगतात आणि आपल्याला कामाच्या वेळचा आकडा मिळतो.

बंद करा. प्लगच्या आजूबाजूची वाळू-मीठ ब्रशने किंवा फुंकर मारून साफ करा, नाहीतर प्लग काढला की ते सगळं सिलिंडरमध्ये. आता सगळे प्लग काढायचे, एकच नाही. एकच काढला तर दुसरा सिलिंडर दाब धरून बसतो, इंजन फिरवायला जड जातं आणि आकडा चुकतो. प्लग फळीवर वरून खाली त्याच क्रमाने मांडून ठेवा, त्यांच्याकडे नंतर बघायचंय.

पुढची गोष्ट लोक विसरतात आणि महागात पडते. ठिणगी बंद करा. लाल दोरीची सेफ्टी क्लिप असते ती काढा, आणि प्लगच्या वायरी ब्लॉकच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा. वायरी तशाच मोकळ्या लोंबत ठेवून इंजन फिरवलं तर ठिणगीला जायला वाट राहत नाही आणि इग्निशनचं युनिट, ज्याला सगळे सीडीआय म्हणतात, ते उडू शकतं. शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, तिथे ठिणगी नकोच. हे काम मोकळ्या हवेत करा, बंद शेडमध्ये नको, आणि विडी ओढणाऱ्याला चार हात लांब ठेवा.

गिअर न्यूट्रलला आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद राहिला तर इंजनाला हवाच पुरेशी मिळत नाही आणि चांगलं इंजनही मेलेलं दिसतं. हँडलवाल्या बऱ्याच इंजनांत न्यूट्रलला थ्रॉटल अर्धाच पिळला जातो, तेव्हा कव्हरच्या आत कार्ब्युरेटरची लिव्हर बोटाने धरून पूर्ण उघडावी लागते. त्यासाठी एक माणूस जास्त लागतो, भाच्याला-पुतण्याला घेऊन जा.

गेजची नळी प्लगच्या भोकात हाताने फिरवून बसवा. बहुतेक आउटबोर्डला १४ मिलिमीटरचे आटे असतात, काही छोट्या फोर-स्ट्रोकला बारीक असतात, त्याचे अडॅप्टर गेजच्या डब्यात येतात. आता दोरी खेचा, काटा वर चढेल, पुन्हा खेचा, अजून चढेल, पाच-सहा खेचींत तो एका जागी थांबतो. तो तुमचा आकडा. सेल्फ असेल तर बॅटरी फुल चार्ज हवी, आणि दोरी असेल तर प्रत्येक सिलिंडरला तेवढ्याच खेची, त्याच जोराने. वरच्याला सहा आणि खालच्याला दमून तीन असं केलं तर त्याला काही अर्थ नाही.

एक बारकावा सांगतो, काटा कुठे थांबला एवढंच नका बघू, पहिल्या खेचीला कुठपर्यंत उडी मारली तेही बघा. चांगला सिलिंडर पहिल्याच खेचीला बराच वर जातो. रिंगा गेलेला सिलिंडर हळूहळू, एकेक पायरी चढत जातो आणि शेवटी बऱ्यापैकी आकड्याला पोचतोसुद्धा. शेवटचा आकडा सारखा असला तरी दोघांची तब्येत सारखी नसते. कागदावर दोन्ही लिहा.

आकडे आले, आता वाचायचे कसे

इथेच खरी गोम आहे. लोक सगळ्यात मोठा आकडा बघतात. मी म्हणतो आधी फरक बघा. सगळ्या सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर ठीक, पंधराच्या पुढे गेला की तिथे काहीतरी बिघडलेलं आहे.

समजा समोर दोन इंजनं आहेत, एकाचे आकडे १२५ आणि १००, दुसऱ्याचे ९८ आणि ९६. पहिल्यात आकडे मोठे दिसतात, पण एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा वीस टक्के मागे आहे, तिथे काहीतरी झालंय आणि ते वाढतच जाणार. दुसरं इंजन म्हातारं झालंय पण दोन्ही बाजूंनी सारखं झालंय, जशी बैलजोडी बरोबरीने थकते तशी. भाव योग्य असेल तर मी दुसरं घेईन. सारखं झिजलेलं इंजन काय करणार याचा अंदाज येतो. एका बाजूने गेलेल्याचा येत नाही.

शिवाय स्वस्तातला गेज दहा-पंधरा पीएसआय इकडेतिकडे दाखवू शकतो. तो एकटा आकडा चुकवेल, पण दोन सिलिंडरमधला फरक नाही चुकवणार, कारण चूक दोन्हीकडे सारखीच होते. फरकावर भरवसा ठेवायचं हे अजून एक कारण. गेजच्या नळीच्या टोकाला एक बारीक वॉल्व्ह असतो, तो खराब झाला म्हणून कोणी टायरचा वॉल्व्ह बसवतात. दिसायला सारखाच, पण टायरच्या वॉल्व्हची स्प्रिंग कडक असते आणि आकडा कमी येतो. शंका असेल तर तोच गेज आधी एखाद्या चांगल्या, माहितीतल्या इंजनाला लावून बघा.

तीन सिलिंडरचं इंजन असेल आणि शेजारचे दोन कमी, तिसरा चांगला, असं आलं तर बऱ्याचदा त्या दोघांच्या मधलं हेड गॅस्केट फुटलेलं असतं, एकाचा दाब दुसऱ्यात जातो. हे त्यातल्या त्यात कमी खर्चाचं दुखणं, पण हेड वाकडं झालंय का ते बघावं लागतं, आणि मुळात ते तापलं कशामुळे ते शोधावं लागतं. एखाद्या सिलिंडरला काटा हललाच नाही तर पिस्टनला भोक किंवा तुटलेली रिंग, तिथे नमस्कार करून निघा.

आकडा फार जास्त आला तर? टू-स्ट्रोकला मॅन्युअलपेक्षा बराच वर, दीडशे वगैरे, तर खुश व्हायचं कारण नाही. पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये कार्बनचा थर साचला की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. किंवा मग तेल ओतलंय, त्याचं पुढे सांगतो.

एक गोष्ट किनाऱ्यावरच्यांना लागू नाही पण तापोळ्याकडच्या बोटवाल्यांना आहे. कोयनेचा शिवसागर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर वर, तिथे हवाच सात-आठ टक्के विरळ, त्यामुळे मालवणात १२० दाखवणारं इंजन तिथे १११-११२ दाखवेल. इंजन तेच, बिघाड काही नाही.

"पण एका खेचीत चालू होतं की!"

हेच मामाने म्हटलं होतं. दोन सिलिंडरच्या इंजनात एक चांगला असला की तो दुसऱ्याला ओढून नेतो. पिंपात पंख्याला ओझं नसतं, होडी हलवायची नसते, एका सिलिंडरच्या जिवावर इंजन आरामात गुरगुरत राहतं. त्यात बंद इंजनाच्या सिलिंडरमध्ये थोडं तेल जमलेलं असतं, ते सुरुवातीला रिंगांच्या फटी भरून टाकतं.

ओझं आलं की चित्र बदलतं. असं ४० एचपीचं टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला एक स्फोट, म्हणजे एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला ऐंशीच्या वर स्फोट. स्फोटाच्या वेळचा दाब कॉम्प्रेशनच्या कितीतरी पट. रिंग धरत नसेल तर ती आग पिस्टनच्या कडेने खाली घुसते, भिंतीवरचा तेलाचा पातळ थर जाळते, कोरडं लोखंड लोखंडावर घासतं, अजून तापतं, अजून दाब जातो. तीन आठवडे बरं चाललेलं इंजन अशा चक्रात सापडलं की पंधरा मिनिटांत बसतं. रस्त्यावर गाडी बंद पडली तर कडेला घेता येते. खाडीच्या तोंडावर, समोर लाटा फुटताना, कडेला घ्यायला जागा नसते.

"त्याने गेज लावून दाखवला, १२० आला"

गेज कोणी लावला, कधी लावला, हे महत्त्वाचं. सुकलेल्या वायसरच्या पंपात तेलाचे चार थेंब सोडले की पंप थोडा वेळ मस्त चालतो, हे घरी सगळ्यांनी करून बघितलंय. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल ओतलं की इंजनाचं पण तेच होतं, आकडा वीस-तीसने वर. म्हणूनच आधी दहा मिनिटं चालवायला सांगितलं, ओतलेलं तेल तेवढ्यात जळून जातं आणि जाताना निळसर पांढरा धूर भरपूर सोडतं. प्लग काढल्यावर ते तेलाने चिंब असतील तरी सावध व्हा.

फळीवर मांडलेले प्लग आता हातात घ्या. दोन्हींचा रंग सारखा, विटकरी-चॉकलेटी, तर बरं. एक विटकरी आणि एक काळा ओला असेल तर त्या ओल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. एखादा धुऊन काढल्यासारखा पांढरा स्वच्छ, किंवा गंजाचे ठिपके असलेला, तर तिथे पाणी जातंय. आणि टोकावर चंदेरी बारीक कण चिकटलेले दिसले तर तो पिस्टनचा अ‍ॅल्युमिनियम वितळून उडालेला आहे, मग गेज १३० दाखवो, ते इंजन नको. मामाच्या खालच्या प्लगवर नंतर बघितलं तर असे कण होते, मोहरीच्या दाण्याहून बारीक, उन्हात तिरपा धरल्यावर चमकले.

मोबाइलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा मिळत असेल तर तोही प्लगच्या भोकातून सोडा. भिंतीवर बारीक तिरप्या जाळीसारख्या रेषा दिसल्या तर बोर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, अजून ताजा आहे. वरून खाली उभे ओरखडे दिसले तर पिस्टन एकदा तरी धरलेला, म्हणजे तापून आत अडकलेला आहे. असे ओरखडे असूनही आकडा ठीक येऊ शकतो, म्हणून डोळ्याने बघणं वेगळं.

फोर-स्ट्रोकचं गणित वेगळं

आता पर्यटनाच्या होड्यांवर फोर-स्ट्रोक वाढलेत आणि तिथे लोक फसतात, दोन्ही बाजूंनी. दोरीने खेचायला सोपं जावं म्हणून बऱ्याच फोर-स्ट्रोकमध्ये डीकॉम्प्रेशनची सोय असते, म्हणजे चालू करताना एक वॉल्व्ह मुद्दाम किंचित उघडा राहतो आणि थोडा दाब सोडून देतो. इंजनाने वेग घेतला की ती सोय आपोआप बाजूला होते. त्यामुळे गेजवर ७०-८० आलं म्हणून चांगलं इंजन सोडून आलेले लोक मी बघितलेत. ज्यांना ही सोय नाही त्यात दीडशेच्या पुढे, कधी दोनशेच्या आसपास पण आकडा असतो. त्यामुळे फोर-स्ट्रोकला मॅन्युअलमधला आकडा हातात असल्याशिवाय निकाल देऊ नका. फरकाचा नियम मात्र तिथेही तोच.

फोर-स्ट्रोकला आकडा कमी आला तर रिंग गेली की वॉल्व्ह, हे कळायला चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजतात. आकडा एकदम वाढला तर रिंग, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. पण ही युक्ती गाडीच्या इंजनावरून आलेली आहे, तिथे सिलिंडर उभा असतो आणि तेल सगळीकडे पसरतं. आउटबोर्डचा सिलिंडर आडवा असतो, तेल खालच्या बाजूला साचून राहतं आणि वरची अर्धी रिंग कोरडीच राहते. त्यामुळे त्याच्यावर पूर्ण भरवसा नको.

त्यापेक्षा खात्रीची परीक्षा म्हणजे लीक-डाउन. पिस्टन वर आणून थांबवायचा, कॉम्प्रेसरने प्लगच्या भोकातून हवा सोडायची, आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. कार्ब्युरेटरकडून फुसफुस आली तर आत घेणारा वॉल्व्ह, सायलेन्सरच्या वाटेने आली तर बाहेर सोडणारा वॉल्व्ह, तेल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो ना, तसंच. त्याला कॉम्प्रेसर लागतो म्हणून ते वर्कशॉपमध्येच होतं, पण महागडं फोर-स्ट्रोक घेताना तेवढे पैसे खर्च करावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हा पेट्रोलवाला गेज ट्रॉलरच्या डिझेल इंजनाला चुकूनही लावू नका. डिझेलमध्ये ठिणगी नसते, नुसत्या दाबानेच इंधन पेटतं, त्यामुळे दाब चारशेच्या घरात. पेट्रोलचा गेज तीनशेपर्यंतच असतो, तो फुटेल.

"कमी असला तर रिंगा टाकून घेऊ"

हे वाक्य विकणारे सगळ्यात जास्त वापरतात, "फक्त रिंगा टाका, नवीन होईल". कधी ते खरंही असतं. रिंग झिजलेली नसून कार्बनने चिकटलेली असेल तर कार्बन साफ करून ती सुटते आणि आकडा वर येतो. पण ते इंजन उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायचा खर्च तुमचा.

बहुतेक वेळा भिंतही झिजलेली असते. गोल असायला हवा तो बोर थोडा लंबगोल झालेला असतो, त्यात गोल रिंग कितीही नवी टाकली तरी फट राहणारच. मग बोरिंग करायचं, म्हणजे बोर कापून थोडा मोठा आणि पुन्हा गोल करायचा, आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन टाकायचा. म्हणजे पिस्टन, रिंगा, गॅस्केटचा सेट, लेथवाल्याची मजुरी, मिस्त्रीची मजुरी, आणि सिझनचे गेलेले दिवस. म्हणून विकणाऱ्याला हे विचाराच, "आधी बोरिंग झालंय का, कितीचा पिस्टन आहे?" आधीच ०.५०चा बसलेला असेल तर पुढे अजून मोठा मिळेलच असं नाही. मामाला शेवटी हाच खर्च आला, आणि इंजनाची किंमत धरून तो आकडा नव्या इंजनाच्या अर्ध्याच्या पुढे गेला.

हा आकडा काय सांगत नाही

बरंच काही. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या घरात येतं आणि मग वर जातं. तिथले ऑइल सील गळत असतील तर बाहेरची हवा आत घुसते, मिश्रणात पेट्रोल-तेल कमी पडतं आणि पिस्टन जळतो. कॉम्प्रेशन टेस्टला हे दिसत नाही, कारण आपण फक्त पिस्टनच्या वरचं मोजतो. गिअरचं तेल, वॉटर पंप, वायरिंग, पाण्याच्या वाटांमध्ये साठलेलं मीठ, यातलं काहीच गेज सांगत नाही. गिअरचं तेल खालच्या स्क्रूने थोडं काढून बघा, दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय.

मिठाचं तर आधी बोलायला हवं होतं खरं. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्यानेच थंड होतं, आणि वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुतलं नाही की आतल्या वाटा मिठाने बुजत जातात. इंजन तापतं, रिंग चिकटते, कॉम्प्रेशन जातं. दुसरं कारण तेलाची काटकसर. बऱ्याच टू-स्ट्रोकला लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल लागतं, ५०ला १ असं प्रमाण. महाग पडतं म्हणून लोक अंदाजाने कमी ओततात. किमती इंजनाचा बोर असा थेंब वाचवून जातो हे बघवत नाही.

आणि टेस्टच करू दिली नाही तर

"आमच्यावर विश्वास नाय काय?" असं म्हटल्यावर आपल्याकडे माणूस अवघडतो. त्यात विकणारा ओळखीचा, कुठल्यातरी नात्याने पाव्हणा. मी सरळ सांगतो, "काका, विश्वास तुमच्यावर आहे, पण इंजन आत कसं आहे ते तुम्हाला पण दिसत नाही, दोघांनी मिळून बघू." ज्याचं इंजन चांगलं असतं तो बहुतेक वेळा तयार होतो, कारण चांगल्या आकड्यावर त्याला भाव पण चढा मागता येतो. आमच्या इथल्या एका काकांनी तर उलट माझ्याच गेजवर शंका घेऊन स्वतःचा आणला होता, दोन्हींत चार पीएसआयचा फरक निघाला, आणि सौदा पाच मिनिटांत झाला. ज्याने प्लगला हातच लावू दिला नाही त्याचं इंजन मी आजपर्यंत घेतलेलं नाही, मग किंमत कितीही कमी असो.

मामाच्या त्या इंजनाचं बोरिंग झाल्यावर, थोडं चालवून रिंगा बसल्या तेव्हा ११९ आणि ११७ आले. ते त्याने कव्हरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने तारखेसकट लिहून ठेवले. दरवर्षी बंदी उठायच्या आधी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तोच गेज, तेवढ्याच सहा खेची, आणि खाली नवीन ओळ. गेल्या वर्षी ११६, ११५. या वर्षी ११५, ११३.